वृद्ध वृषभाचे ऋण : निराश्रित प्राण्यांचे ‘दयामरण’ आणि जीवदयेची परंपरा

तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे मराठवाड्यातील एक अतिप्राचीन नगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ नावाच्या बाजारपेठेचा उल्लेख येतो. तगर म्हणजेच तेर, हे इतिहासतज्ज्ञ जे. एफ. फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवीत. त्रिविक्रम आणि उत्तरेश्वर ही विटांची प्राचीन मंदिरे, संत गोरोबाकाकांची समाधी आणि भगवान महावीरांचे मंदिर यांमुळे ही भूमी अनेक परंपरांना वंदनीय झाली आहे.

जैन वाङ्मयात तेरचे नाव करकंडू राजाच्या कथेशी जोडलेले आहे. अकराव्या शतकातील कनकामर मुनींनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचले. डॉ. हिरालाल जैन यांनी ते संपादित करून १९३४ साली कारंजा जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध केले आणि काव्यातील ‘तेरापुर’ व तेथील लेणी यांचा संबंध तेर व धाराशिवच्या लेण्यांशी जोडला. या काव्यातील एक प्रसंग मोठा हृद्य आहे. डोंगरावरील एका वारुळाची एक हत्ती रोज सोंडेने पाणी व कमळ आणून पूजा करतो, असे राजाला कळते. राजा ते वारूळ खणवितो, तेव्हा आतून भगवान पार्श्वनाथांची मूर्ती प्रकट होते. राजाला जे ठाऊक नव्हते ते एका मुक्या प्राण्याला ठाऊक होते, असे ही कथा सांगते.

याच करकंडूची दुसरी कथा उत्तराध्ययन सूत्राच्या टीकासाहित्यात आहे. राजाला गोधनाची फार आवड. एक देखणे वासरू पाहून त्याने त्याला आईचे सर्व दूध पाजण्याची आज्ञा केली. वासराचा पुढे बलदंड वृषभ झाला. काही वर्षांनी राजा पुन्हा गोठ्यात गेला, तेव्हा तोच वृषभ जर्जर होऊन पडलेला होता आणि लहान वासरेही त्याला ढुशा देत होती. ते दृश्य पाहून राजाला संसाराची अनित्यता उमगली व तो प्रत्येकबुद्ध झाला.

या कथेतून राजाला वैराग्य मिळाले. पण त्या वृद्ध वृषभाचे पुढे काय झाले, याबद्दल कथा मौन पाळते. आजच्या पांजरापोळांपुढे, गोशाळांपुढे आणि कुत्र्या-मांजरांच्या आश्रयगृहांपुढे नेमका तोच प्रश्न उभा आहे. ज्या प्राण्याला धनी नाही, ज्याचा उपयोग संपला आहे, जो आजारी किंवा जखमी आहे आणि ज्याच्यासाठी जागा वा पैसा अपुरा आहे, त्याला इंजेक्शन देऊन कायमचे झोपवावे काय? जगातील अनेक आश्रयगृहांनी या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे दिले आणि त्या कृतीस ‘दयामरण’ असे नाव दिले. जैन परंपरेचे उत्तर ‘नाही’ असे आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्या नकाराबरोबर कोणती जबाबदारी येते, हे इतिहासाच्या आधारे पाहणे अगत्याचे आहे.

शास्त्रकारांची दृष्टी

जैन आचार्यांनी हिंसेचे मूळ प्रमादात आणि कषायात पाहिले. प्राण्याचा जीव गेला की नाही, एवढ्यावरच हिंसेचा निर्णय होत नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अति भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. हे पाचही अतिचार ज्याच्या ताब्यात जनावर आहे अशा गृहस्थाला उद्देशून आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शेतकरी, व्यापारी, गाडीवान यांच्या दैनंदिन व्यवहारातूनच ही सूक्ष्म आचारसंहिता घडली.

आचार्य अमृतचंद्रांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात तर दयामरणाचा प्रश्न जवळजवळ आजच्याच शब्दांत मांडला आहे. एका हिंस्र जीवाला मारल्याने अनेकांचे रक्षण होते, हा पक्ष ते प्रथम घेतात आणि अमान्य करतात. नंतर ते दुसऱ्या पक्षाकडे वळतात. अतिशय दुःखाने पीडलेल्या जीवाला मारले तर त्याचे दुःख लवकर संपेल, या समजुतीलाच ते तलवारीची उपमा देतात आणि ती तलवार हाती घेऊन दुःखी जीवालाही मारू नये, असे बजावतात. भटक्या कुत्र्यांविषयी होणारा युक्तिवाद पहिल्या पक्षात बसतो, तर मरणासन्न वासराविषयीचा दुसऱ्या पक्षात.

याच ग्रंथातील आणखी एका विचाराकडे मात्र आपले सहसा दुर्लक्ष होते. प्रमादाने वागणाऱ्याच्या हातून समोरचा जीव मरो वा न मरो, हिंसा घडतेच, असे आचार्य सांगतात. म्हणजे सुई टोचली नाही एवढ्याने कोणी अहिंसक ठरत नाही. ज्या गोठ्यात जनावर चिखलात बसून आहे, जखमेत किडे पडले आहेत आणि दिवसभर कोणी तिकडे फिरकलेले नाही, तेथे कोणी कोणाला मारले नसले तरी शास्त्राच्या दृष्टीने हिंसा चालूच असते.

मरणोन्मुख प्राण्याशी कसे वागावे याचे आदर्शही परंपरेत आहेत. कमठाच्या धुनीतील जळत्या लाकडात होरपळलेले नाग-नागीण पाहून पार्श्वकुमारांनी त्यांच्या कानी मंगल मंत्र पडू दिला आणि ते जीव पुढे धरणेंद्र व पद्मावती झाले, ही कथा घराघरात सांगितली जाते. जीवंधरकुमारांनी मार खाऊन तडफडणाऱ्या कुत्र्याला णमोकार मंत्र ऐकविला व तो यक्षयोनीत जन्मला, ही कथाही प्रसिद्ध आहे. दोन्ही ठिकाणी प्राणी वाचण्याची आशा उरली नव्हती. दोन्ही ठिकाणी महापुरुष त्याच्याजवळ थांबले. त्यांनी त्याचा अंत घडवून आणला नाही आणि त्याला एकटेही सोडले नाही.

सल्लेखनेचे उदाहरण देऊन दयामरणाचे समर्थन करण्याचा प्रयत्न कधी कधी होतो. परंतु सल्लेखना हे ज्याचे त्याने, जागृत अवस्थेत, गुरूंच्या अनुज्ञेने घेतलेले व्रत आहे. मुक्या प्राण्याच्या वतीने असे व्रत दुसरा कोणी घेऊ शकत नाही. हा भेद स्पष्ट ठेवला पाहिजे.

पांजरापोळाचा उदय

शास्त्रातील हा विचार समाजाने संस्थेच्या रूपात उतरविला, त्याचे नाव पांजरापोळ. १६२३ साली खंबायत येथे आलेल्या पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने तेथील पक्ष्यांच्या रुग्णालयाचे वर्णन कौतुकमिश्रित आश्चर्याने केले आहे. गुजरातेतील व्यापारी महाजनांनी जोपासलेली ही परंपरा त्यांच्याबरोबर मुंबईस आली.

मुंबईच्या पांजरापोळाचा जन्म मात्र भटक्या कुत्र्यांच्या कत्तलीविरुद्ध झालेल्या प्रक्षोभानंतर झाला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कंपनी सरकारच्या अमलात ठरावीक हंगामात बेवारस कुत्री मारण्याचा नियम होता आणि शिपायांना कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने घरांतून व अंगणांतून कुत्री ओढून नेली जात. ६ जून १८३२ रोजी कोटात पारशी समाजाने याविरुद्ध उठाव केला. जैन व हिंदू लोकही त्यात सामील झाले. दुकाने बंद राहिली, लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडविली गेली. सरकारने दंगा मोडला. पण प्राण्यांना मारण्याऐवजी त्यांची अन्यत्र सोय करावी, हा विचार या घटनेनंतर बळावला.

१८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि जैन श्रेष्ठी शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरापोळाची स्थापना झाली. व्यापाऱ्यांनी आपल्या व्यवहारातील मालावर स्वखुशीने ‘लागा’ बसवून घेतला आणि त्यातून संस्थेचा खर्च चालू लागला. शेठ मोतीशा यांचे नाव शत्रुंजयावरील भव्य टुंक आणि भायखळ्याचे मंदिर यांमुळे अमर आहे. त्यांच्या दानात लुळ्या-पांगळ्या जनावरांचा वाटाही तितकाच मानाचा होता. मुंबईच्या त्या पिढीने सरकारला ‘मारू नका’ एवढेच सांगितले नाही, तर खर्चाचा भार स्वतःच्या व्यापारावर घेतला. त्यांच्या विरोधाला नैतिक वजन आले ते त्यामुळे.

साबरमतीचे वासरू

जीवदयेच्या परंपरेची सर्वांत कठोर परीक्षा विसाव्या शतकात झाली आणि ती घेणारे महात्मा गांधी होते. अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या गिरणीच्या आवारातील ६० भटकी कुत्री मारविली. त्यावर मोठा गहजब झाला. गांधीजींनी १९२६ साली आपल्या साप्ताहिकांतून लेखमाला लिहून या कृत्याची अपरिहार्यता मान्य केली. त्यांचा रोख मुख्यतः समाजाकडे होता. बेवारस कुत्रे रस्त्यावर असणे हेच समाजाच्या निष्काळजीपणाचे लक्षण आहे. जाता-येता तुकडा फेकणे म्हणजे दया नव्हे. दया करावयाची असेल तर महाजनांनी या कुत्र्यांची पूर्ण जबाबदारी घ्यावी, असे त्यांचे प्रतिपादन होते.

दोन वर्षांनी, १९२८ साली, साबरमती आश्रमातील एक पंगू झालेले वासरू असह्य वेदनेत पडले. त्याला कुशीही बदलता येईना. उपचाराची आशा संपल्याचे वैद्यकीय मत पडले. आश्रमवासीयांशी चर्चा करून गांधीजींनी डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्याचा अंत केला आणि हे कृत्य स्वतः जाहीर केले. त्यांच्याकडे संतप्त पत्रांचा ओघ सुरू झाला. त्यांत जैन समाजाचा रोष विशेष होता.

हा वाद आज शांतपणे वाचला तर दोन्ही बाजूंचे गांभीर्य जाणवते. गांधीजींचे म्हणणे असे की, क्रोध किंवा स्वार्थ यांतून घेतलेला जीव ही हिंसा. निःस्वार्थ भावाने, केवळ त्या जीवाच्या शांतीसाठी केलेली कृती हिंसा ठरत नाही. भाव हाच निकष, ही गोष्ट जैनांनाही अमान्य नाही. मतभेद होता तो माणसाला आपल्या भावाची कितपत खात्री देता येते, याविषयी. वासराला मरावयाचे होते हे कोणी जाणले? तडफड पाहून असह्य झाले ते त्याला की पाहणाऱ्याला? कर्माचा भोग मधेच तोडण्याचा अधिकार कोणाचा? हे प्रश्न टीकाकारांच्या बाजूने उभे होते आणि त्यांना सोपे उत्तर नाही.

तथापि एक गोष्ट मान्य करावी लागेल. गांधीजींनी जागा नाही, पैसा नाही, माणसे नाहीत म्हणून वासराला मारले नव्हते. त्याची सेवा करून झाली होती, उपचार थकले होते. ज्या आश्रयगृहांत केवळ पिंजरे भरले म्हणून धडधाकट प्राणी मारले जातात, त्यांना साबरमतीचे उदाहरण आधार देऊ शकत नाही. तेथे प्राण्याच्या दुःखाची मुक्तता नसते, संस्थेच्या अडचणीची असते. या कृतीस दयामरण म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय.

कायदा आणि नवी वाट

स्वतंत्र भारतात श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. आत्यंतिक वेदनेतील प्राण्यास जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरत असेल तर त्याचा अंत करण्याची मुभा या कायद्यात आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी करुणा हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले.

मुंबई महानगरपालिका अनेक दशके भटकी कुत्री विजेच्या धक्क्याने मारीत असे. तरीही कुत्र्यांची संख्या घटली नाही, कारण मोकळ्या झालेल्या जागी नवी कुत्री येत आणि नव्या पिल्लांची भर पडे. १९९४ साली तेथे हत्येऐवजी निर्बीजीकरणाचा मार्ग स्वीकारण्यात आला. डिसेंबर २००१ मध्ये केंद्र शासनाने त्यासाठी देशभर लागू होणारे नियम केले आणि २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. निरोगी कुत्र्याला मारण्यास त्यांत स्थान नाही. असाध्य आजारी वा प्राणांतिक जखमी कुत्र्यापुरतीच तज्ज्ञ पशुवैद्याकरवी वेदनारहित अंताची मुभा आहे. २००१ च्या नियमांत पिसाळलेल्या कुत्र्यालाही वेगळे ठेवून नैसर्गिक मृत्यू येऊ द्यावा असे सांगितले होते, हे उल्लेखनीय आहे.

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. ऑगस्टमध्ये प्रथम दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री आश्रयगृहांत ठेवण्याचा आदेश झाला. काही दिवसांतच तो बदलून निर्बीजीकरण व लसीकरणानंतर कुत्री पूर्वीच्या जागी सोडण्यास मुभा देण्यात आली. पिसाळलेली व आक्रमक कुत्री मात्र त्यातून वगळली गेली. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतील कुत्री हलविण्याचा आदेश निघाला. कुत्रा चावलेल्या बालकाच्या आई-वडिलांचे दुःखही जीवदयेच्या कक्षेबाहेरचे नाही, हे विसरता कामा नये. परंतु आश्रयगृहे वाढली की ‘भरले तर काय?’ हा प्रश्न प्रत्येक जिल्ह्याच्या दाराशी येणार, हेही उघड आहे.

याबाबत अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. तेथील आश्रयगृहांत १९७० च्या दशकात वर्षाला एक कोटीहून अधिक कुत्री-मांजरे मारली जात, असा अंदाज आहे. २०१९ च्या सुमारास हा आकडा नऊ-दहा लाखांपर्यंत खाली आला. निर्बीजीकरणाचा प्रसार आणि प्राणी दत्तक देण्याची चळवळ ही त्यामागील मुख्य कारणे होत. ज्या देशाने दयामरण सर्वसामान्य मानले, त्यालाही अखेर जन्म रोखणे आणि घर मिळवून देणे याच मार्गाकडे वळावे लागले.

निर्बीजीकरणाविषयी काही श्रावकांच्या मनात संकोच असतो. अवयवछेद हा अतिचार आहे आणि प्राण्यांना खच्ची करण्याचा धंदा शास्त्रात निषिद्ध मानला आहे, हे खरे. मात्र तेथे निषेध आहे तो क्रौर्याचा व उपजीविकेचा. पिल्ले रस्त्यावर चिरडली जाणे आणि त्यापायी मोठ्या कुत्र्यांची हत्या होणे टाळण्यासाठी, बधिर करून, कुशल हातांनी केलेली शस्त्रक्रिया या निषेधात बसते काय, याचा विचार त्यागीवृंदांच्या मार्गदर्शनाखाली मोकळेपणाने व्हावयास हवा.

मराठवाड्यातील वृद्ध बैल

तेर परिसरात हा प्रश्न कुत्र्यांपेक्षा बैलांच्या रूपाने अधिक भेडसावतो. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईंबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आली. जीवदयाप्रेमींनी त्याचे स्वागत केले. पण थकलेला बैल कायद्याने जगला तरी त्याच्या पुढ्यातील वैरण कायदा टाकीत नाही. एका बैलाला दिवसाला सहा किलो कोरडा चारा धरला तरी वर्षाला दोन टनांहून अधिक चारा लागतो. दिवसाचे ४०-५० लिटर पाणी वेगळेच. काम सुटल्यावर बैल पाच-सात वर्षे सहज जगतो. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आणि २०१२-१३ व २०१८-१९ मध्ये चारा छावण्यांत जनावरे बांधलेल्या या जिल्ह्यातील शेतकऱ्याला हा हिशेब कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. अशा वेळी बैल सोडून दिला जातो किंवा पांजरापोळाच्या दाराशी आणून बांधला जातो.

पांजरापोळाची कसोटी तेथे लागते. किती जनावरे दाखल झाली यापेक्षा किती जनावरांना रोज पोटभर चारा, स्वच्छ पाणी, कोरडी जागा आणि पशुवैद्याची भेट मिळते, हा आकडा महत्त्वाचा मानला पाहिजे. सोसवेल तेवढीच संख्या ठेवून उरलेल्यांसाठी शेजारच्या संस्थांशी संधान बांधणे, यात कमीपणा नाही. बसलेल्या जनावराची कूस दिवसातून अनेक वेळा बदलणे, जखमा धुणे, त्याच्या जवळ माणूस असणे, ही कामे दानपेटीतील रकमेने आपोआप होत नाहीत. त्यासाठी पगारी सेवक व स्वयंसेवक लागतात.

१९२८ साली जे शक्य नव्हते ते आज पुष्कळ अंशी शक्य आहे. पशुवैद्यकाकडे आता परिणामकारक वेदनाशामके आहेत. त्यांच्या निवडीतही विवेक हवा. डायक्लोफिनॅक हे औषध दिलेल्या जनावरांचे मृत शरीर खाल्ल्याने देशातील गिधाडे मोठ्या प्रमाणात नष्ट झाली. म्हणून २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. एका जिवाची वेदना शमविताना दुसऱ्याचा घात होऊ नये, ही दृष्टी जीवदयेतच अंतर्भूत आहे.

सर्व उपाय करूनही वेदना शमत नाही असा एखादा जीव उरेलच. कायदा तेथे एक मार्ग मोकळा ठेवतो आणि तो मार्ग घेणाऱ्या पशुवैद्यास निर्दय म्हणणे उचित नाही. जैन विश्वस्त तो मार्ग घेणार नाही. मात्र त्याचा नकार तेव्हाच खरा ठरेल, जेव्हा त्या जिवाजवळ रात्री कोणीतरी बसलेले असेल, वेदनाशामक वेळेवर दिले जात असेल आणि कानी णमोकार पडत असेल. असे होत नसेल तर नकार देऊन आपण केवळ स्वतःचे पाप टाळल्याचे समाधान मिळवतो आणि त्याची किंमत तो मुका जीव मोजतो.

करकंडू राजाला वृद्ध वृषभाने वैराग्याची वाट दाखविली. तो त्या राजाचा एका अर्थाने गुरूच होय. त्या गुरूची दक्षिणा अद्याप देणे आहे. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने एका निराश्रित प्राण्याच्या वर्षभराच्या चाऱ्याचा व औषधाचा भार उचलावा, महिन्यातून एक दिवस प्रत्यक्ष सेवेसाठी द्यावा आणि आपल्या गावातील कुत्र्यांचे लसीकरण पूर्ण करून घ्यावे. तेरच्या पुण्यभूमीत भगवान महावीरांच्या चरणी अर्पण करण्याजोगे याहून उचित अर्घ्य दुसरे नाही.